यंदाचे कान जर्दाळूचे

रविवार, १५ फेब्रुवारी

बाबा घरी आले!

रुग्णवाहिकेच्या माणसांनी जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर भिंतीला ठोकलं. दादा खालून सांगतोय — डोकं वर घ्या, डोकं वर — आणि बाबा डोळे मिटून पडलेले. मला वाटलं, झालं, घरी आणता आणताच काहीतरी झालं. पलंगावर ठेवल्यावर डोळे उघडले. खिडकीकडे बघून म्हणाले, "पडद्याची टीप सुटलीय."

झटका आल्यापासून आवाज घोगरा झालाय, शब्द एकेक करून येतात, डावा हात नुसता पडून असतो. पण शिंप्याची नजर शाबूत आहे. मी हसले, मग न्हाणीघरात जाऊन रडले, मग चहा केला. किती आठवड्यांनी आपल्या कपातून चहा प्यायले!

नाकात नळी आहेच. गिळता येत नाही, म्हणून दूध-पाणी-औषध सगळं तिथूनच. पण घरात आहेत. बाकीचं बघू.

सोमवार, १६ फेब्रुवारी

बाबांना सांभाळायला मावशी रुजू झाल्या. दिवसा त्या, रात्री मी. अंगाने भरभक्कम, पायांत रबरी चपला. खोलीत शिरल्या आणि आधी खिडकी उघडली. हॉस्पिटलने दिलेलं पावडरचं दूध खोलीतच थर्मासच्या पाण्यात कालवतात आणि मोठ्या पिचकारीने नळीत सोडतात. त्याआधी दर वेळी विचारतात, "बाबा, सोडू ना?" बाबांनी मान हलवल्याशिवाय सोडत नाहीत. हॉस्पिटलात असं कुणी विचारलं नव्हतं.

म्हणजे मी दुकानात जाऊ शकते. भीतभीत गेले. चष्म्याच्या दुकानात माझ्या जागी एव्हाना दुसरी कोणी बसली असेल असं धरून चालले होते. मालक वर न बघता म्हणाले, "आलात? काचा पुसायच्या राहिल्यात." इतकं हायसं वाटलं की शोकेस आतूनबाहेरून पुसून काढली.

बुधवार, १८ फेब्रुवारी

गिळायला शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. मी मनातल्या मनात गिळबाई म्हणते. बारीक, तरतरीत, बोलताना हातवारे फार.

बाबांसमोर बसून म्हणतात, "गिळा आजोबा. छान. परत गिळा." आमच्या घरात हा शब्द फक्त आई वापरायची, तोही भांडण झाल्यावर ताट आपटताना. वाढलंय, गिळा! बाबांनाही तेच आठवलं असणार. माझ्याकडे बघितलं आणि तोंडाचा उजवा कोपरा हलला. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, अजून तिच्यावरून आम्ही दोघं चोरून हसतो.

बाईंनी नीट समजावलं. पाणी सगळ्यात अवघड. ते पटकन घसरतं आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत शिरतं. रवाळ, कणीदार, भुगा होणारं — तेही वाईट. दाट आणि गुळगुळीत असेल ते त्यातल्या त्यात सोपं. पण सध्या घास नाहीच. फक्त चव. चमच्याची पाठ जिभेला लावायची आणि मग तोंड ओल्या फडक्याने पुसायचं. आणि चुकून काही आत गेलंच तर त्यांना "आ" म्हणायला लावायचं. आवाज स्वच्छ आला तर ठीक. पाण्यात बोलल्यासारखा आला तर लगेच फोन.

पाच मार्चला हॉस्पिटलात चाचणी. काहीतरी पांढरं प्यायला देतात आणि ते आत कुठे जातंय ते पडद्यावर बघतात.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

शब्बाथचे दिवे लागले की उद्या अंधार पडेपर्यंत लिहायचं नाही, म्हणून आधीच लिहून टाकते.

डॉक्टरांचा फोन. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. चाचणीत गिळता आलं नाही, तर पोटाला भोक पाडून तिथे नळी बसवायची. कायमची. मी बाबांना सरळ सांगितलं. लपवून उपयोग नाही, त्यांना भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.

बाबा म्हणाले, "आयुष्यभर काजं केली. माझ्या पोटाला नको."

"बाबा, मग —"

"मग नाही. ठरलं."

म्हणजे पाच तारखेला गिळता आलं नाही तर बाबा राहणार नाहीत. लिहिलं. फोन आल्यापासून आडून आडून हाच विचार चालला होता, आता निदान कागदावर आहे. दादाला अजून सांगितलेलं नाही. दिवे लावायला हवेत.

सोमवार, २३ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. "पुरीमचा सण आठवड्यावर आला. खसखस किती भिजवू?"

मी म्हटलं, यंदा खसखस नाही. जर्दाळू.

ती म्हणाली, "हामानच्या कानांत जर्दाळू? सासूबाई असत्या तर कान कोणाचे पिळले असते, सांग."

माझेच, यात शंका नाही. आईच्या मते खसखशीशिवाय केलेलं सगळं म्हणजे मुरांबा भरलेलं बिस्कीट. पण खसखस कितीही वाटली तरी कणी राहतेच. जर्दाळू शिजवून चाळणीतून गाळला तर लोण्यासारखा होतो.

वहिनीच्या डोक्यात प्रकाश पडला. हळूच विचारलं, "मामंजी खाणार आहेत?"

"माहीत नाही. चाचणी सणानंतर आहे."

"मग?"

"मग जर्दाळू."

ती भांडेल असं वाटलं होतं. म्हणाली, "बरं. आंबटगोड बघून आणते, नुसते गोड नको." वहिनीला मी मनात कितीदा नावं ठेवली आहेत. आज एक परत घेते.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

मावशींनी विचारलं, "ताई, कान कसले करताय? ऐकून अंगावर काटा येतो."

म्हटलं, आमच्या सणाची गोष्ट आहे. फार जुन्या काळी एका राजाचा प्रधान होता, हामान. त्याने आम्हा सगळ्या यहुद्यांना एका दिवसात मारून टाकायचा हुकूम काढला. राणी एस्तेर आमच्यातली होती, पण राजाला ते ठाऊक नव्हतं. तिने उपास केला, सगळ्यांना करायला लावला, आणि जिवावर उदार होऊन राजासमोर गेली. आम्ही वाचलो, हामान लटकला. म्हणून आदल्या दिवशी आमचा उपास. अंधार पडला की ती कथा वाचायची, हामानचं नाव आलं की पाय आपटून गोंगाट करायचा. आणि मैद्यात सारण भरून त्याचे तीन कोपऱ्यांचे कान करून खायचे.

"तीन कोपऱ्यांचे कान कोणाला असतात?"

हा प्रश्न आम्हाला आजवर पडला नव्हता! बाबा पलंगावरून म्हणाले, "वाईट माणसाला." मावशींना पटलं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

नमुन्याचा घाणा काढला. सगळे उसवले. एकूणएक! ट्रेमध्ये जर्दाळूचं तळं आणि त्यात पोहणाऱ्या पुऱ्या.

आमच्या कानांत लोणी नसतं, तेल असतं. सणाच्या जेवणात मटण असतं आणि मटणाबरोबर दुधातुपाचं चालत नाही. तेलाचं पीठ हट्टी. ग्लासाच्या कडेने गोल पाडायचे, मधे सारण, तीन बाजू उचलून कोपरे चिमटायचे. दरवर्षी कोपरे बाबा चिमटायचे. दुकान बंद करून यायचे, हात धुवायचे आणि बसायचे. त्यांचा एकही कान कधी उघडला नाही. आम्ही बाकीच्यांनी नुसतं लाटायचं.

ट्रे तसाच नेऊन दाखवला. बाबांनी एक कान उजव्या हातात घेतला, उलटा केला, शिवण तपासावी तशी कड बघितली. "भरलंय जास्त. ढेरपोट्याला तंग जाकीट."

"आणि कोपरे?"

"गोंजारलेस. पीळ."

दुसरा घाणा अर्धा चमचा सारण घालून केला आणि कोपरे असे पिळले की हामान खरंच ओरडला असता. चार-पाच उघडले, बाकीचे टिकले. बाबांच्या जिभेला चमच्याची पाठ लावली. पुसायच्या आधी डोळे मिटून बसले थोडा वेळ. गिळलं मात्र नाही. घसा जागचा हलला नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

दादा संध्याकाळी आला, कामाच्या कपड्यांतच, हाताला ग्रीस. तो लिफ्ट दुरुस्त करतो. उसवलेले कान उभ्याउभ्या खात म्हणाला, "तू बाबांसाठी जर्दाळू करतेयस म्हणे. उगाच आशा लावून बसू नकोस."

मग मी त्याला सांगितलं. पोटातल्या नळीला बाबा नाही म्हणालेत ते.

तो बसला. हातातला कान तसाच. "लिफ्ट अडकली तर कुठे बघायचं ते मला कळतं," म्हणाला. "इथे मी काय बघू?" मी त्याच्यापुढे फडकं सरकवलं, त्याने हात पुसले. मग बाबांच्या खोलीत जाऊन बसला. आतून बराच वेळ क्रिकेटचं समालोचन ऐकू येत होतं.

पण सांगून टाकलं हे बरं झालं. ओझं एकटीने वाहात होते, आता दोघं आहोत.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

सकाळी बाबांना ताप. छातीत घरघर. गिळबाईंनी ज्याची भीती घातली होती तेच, काहीतरी श्वासनळीत गेलं, असं वाटून मी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर घरी आले, छाती ऐकली, पाठ ऐकली. साधी सर्दी! मावशींना झाली होती, त्यांनी बाबांना दिली. मावशी शरमेने काळ्याठिक्कर. मी त्यांना मिठी मारली. सर्दी दिली म्हणून कुणी कुणाला मिठी मारल्याचं ऐकिवात नाही.

रविवार, १ मार्च

ताप उतरला. सर्दीही आटोक्यात.

मैदा, तेल, संत्री, अंडी, सगळं आणून ठेवलं. उद्या उपास, आणि उद्याच भाजायचं. काही लोक शहाणे असतात, आधी करून ठेवतात. आमच्याकडे आईपासूनची रीत — उपास सुटताना कान गरम हवेत. दिवसभर उपाशी पोटी त्या वासात उभं राहायचं, हीच आपली एस्तेर राणीशी बरोबरी, असं ती म्हणायची.

आणि चाखायचं नाही. दुसऱ्या घरी चाखून थुंकलेलं चालतं. आमच्या घरी बाबांचा कायदा — जिभेला कळलं म्हणजे पोटाला कळलं. त्यामुळे दरवर्षी सारण अंदाजाने. एकदा आईने साखर दोनदा घातली होती. खाणाऱ्यांनी दात धरले, बोललं कुणी नाही.

बाबांना यंदा उपासातून सूट आहे, आजारी माणसाला असतेच. मी सांगायला गेले तर म्हणाले, "माहितीय." जरा तुटकपणे. त्यांना वाईट वाटलं असणार. जन्मात पहिल्यांदा चुकणार.

सोमवार, २ मार्च — दुपार

हे लगेच लिहिलंच पाहिजे.

सकाळपासून मी आणि वहिनी ओट्याशी. तिने पीठ मळलं, मी जर्दाळू शिजवून गाळले आणि परत मंद आचेवर ठेवले. वहिनी अंडी कमी पडली म्हणून खाली गेली. मावशीही खाली — तुम्ही सगळे उपाशी, तुमच्यासमोर डबा कसा उघडू, म्हणाल्या, आणि जिन्याच्या पायरीवर जेवायला जाऊन बसल्या. मी साखरेचा डबा उघडला, तेवढ्यात फोन वाजला.

हॉस्पिटल. चाचणीचं मशीन दुरुस्तीला जाणार आहे. पाच तारखेची चाचणी उद्या सकाळी. याल का?

येतो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आणखी तीन दिवस आहेत असं धरून मी जगत होते. ते एका फोनमध्ये गेले. बाबा तयार नाहीत. पाच दिवसांपूर्वी त्यांचा घसा हललाही नव्हता. उद्या सकाळी ते पांढरं पाणी पाजतील, ते चुकीच्या नळीत जाईल, आणि बाबा "नको" म्हणतील, आणि संपलं.

ओट्याकडे वळले तर डबा उघडा, चमचा डब्यात, पातेल्यात जर्दाळू फदफदतोय. साखर घातली की नाही? काही केल्या आठवेना! मोजून घ्यायची सवय नाही, डब्यावरून कळेना. सारण बुडाला लागायला आलेलं. चाखायची सोय नाही. एवढ्याशा गोष्टीवरून मला हुंदका फुटला. साखरेसाठी नव्हता तो, पण फुटला साखरेवरून.

आणि मग लक्षात आलं, घरात उपास नसलेला एक माणूस आहे.

चमच्यात जरासं सारण घेतलं, फुंकून फुंकून गार केलं, गेले. "बाबा, तुम्ही एकटेच सुटलेले आहात. मला कळत नाहीये साखर पडलीय का. चाखून सांगा ना." चाचणीचंही सांगितलं त्याच दमात. रडतच होते.

बाबांनी चमच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. परत चमच्याकडे. इतका वेळ, की मला वाटलं घाबरले. मी म्हणणार होते की राहू दे. तेवढ्यात त्यांनी तोंड उघडलं.

मी चमच्याची पाठ जिभेला लावली. त्यांनी ओठ मिटले आणि चमचा साफ करून दिला. फडकं घ्यायला मी वळले, परत बघते तर कंठ वर गेला आणि खाली आला.

गिळलं!

मी दगड होऊन उभी. आता खोकतील, आता ठसका लागेल. काही नाही. "आ म्हणा, बाबा. आ म्हणा." त्यांनी "आ" केलं. घोगरा, पण कोरडा. नेहमीचा आवाज.

"साखर आहे," म्हणाले. "लिंबू पिळ."

दुसरा चमचा आणते म्हटलं तर तोंड फिरवलं. "आज नको. उद्या." मी गयावया केली, परत एकदा बघू तर द्या. ऐकलं नाही. गिळबाईंना फोन केला, त्या आधी रागावल्या, मग म्हणाल्या, आता आणखी काही देऊ नका, उद्या मीच तिथे असेन. आवाजावरून हसत होत्या.

लिंबू पिळला. वहिनी अंडी घेऊन आली तेव्हा मी ओट्याला धरून उभी होते. तिने विचारलं, काय करपलं?

सोमवार — संध्याकाळ

एकही कान उसवला नाही. वहिनी म्हणते पीठ नीट मुरलं. मला वाटतं मी आनंदात पिळलेत.

कथा यंदा घरीच. दादाने बाबांच्या पलंगाशी बसून वाचली, चष्मा विसरला म्हणून माझा लावून. पहिल्यांदा हामानचं नाव आलं तेव्हा आम्ही पाय आपटले आणि बाबांनी उजव्या हाताने काठी पलंगाच्या दांडीवर हाणली. खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या, पडलं का कुणी? त्यांना सणाचं ताट तिथेच हातात दिलं. म्हणाल्या, आवाज करा हो, चालू द्या.

उद्याची भीती आहेच. पण कालपर्यंत होती तशी नाही.

मंगळवार, ३ मार्च

पास!

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर बाबांचा घसा. त्या पांढऱ्या औषधाची पडद्यावर काळी सावली पडते; ती घसरत खाली आली, एका ठिकाणी थबकली आणि योग्य वाटेने गेली. दाट आणि मऊ सगळं चालेल. पाणी अजून नाही, पाण्यात घट्ट करायची पूड घालून द्यायचं. नाकातली नळी उद्या काढणार. पोटाला भोक नाही. काज नाही!

दादा बाहेर बाकावर होता. मी नुसती मान हलवली तर तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गिळबाई पुन्हा पुन्हा चित्र मागे नेऊन बघत होत्या. "गेल्या आठवड्यापर्यंत घसा झोपलेला होता. भूक खवळली की असा उठतो कधीकधी. पण यांचं पोट तर आपण घड्याळ लावून भरतोय. असो. जर्दाळूचे आभार माना." मी म्हटलं, लिंबाचेही.

घरी आल्यावर, मटणाच्या जेवणाच्या खूप आधी, घट्ट केलेल्या दुधात एक कान बुडवून ठेवला. पार लगदा होईपर्यंत. बाबांना ताठ बसवलं. पाव चमचा. गिळलं. "आ". आणखी पाव चमचा. गिळलं. मावशी, दादा, वहिनी, मी — सगळे पलंगाभोवती आ वासून. अख्खा कान संपायला सकाळची दुपार झाली. कुणी जागचं हललं नाही.

मी विचारलं, "कसा झालाय?"

बाबांनी विचार केला. "पुढच्या वर्षी खसखस," म्हणाले.

पुढच्या वर्षी! वहिनीने पदराने डोळे पुसले आणि मला कोपराने ढोसलं. सांगत होते ना, खसखसच, असं तिचं म्हणणं.

बुधवार, ४ मार्च

नळी निघाली. बाबांचं नाक परत बाबांचं झालं. आरसा मागितला, बघितलं, म्हणाले, दाढी करा. दुकानात मालकांना एक डबाभर कान दिले. त्यांनी विचारलं, सण कसा झाला. मी नुसती हसत सुटले.

शुक्रवार, ६ मार्च

मावशी आजपासून अर्धाच दिवस. निघताना चपला घालता घालता थांबल्या, खाली बघत म्हणाल्या, "ताई, एक सांगायचंय. रागावू नका. त्या उपासाच्या दिवशी बाबांनी दूध घेतलंच नव्हतं. मी विचारलं, बाबा, सोडू ना? तर मान हलवली, नाही. घरात आज कुणी खात नाही, मीही नाही, म्हणाले. औषधं तेवढी दिली. दोन्ही वेळचं दूध मोरीत ओतलं. तुम्हाला सांगू नको म्हणाले. अंधार पडल्यावर घेतलं."

म्हणजे तेही उपाशी होते. आणि मी रडत चमचा घेऊन गेले, म्हणून त्यांनी तोंड उघडलं.